साडेतीनशेचा कंडेन्सर

नाई, भाऊजी, सही नाई भेटनार. बसा, पानी घ्या, सोबत गुळाचा खडा घ्या, पन त्या कागदावर या घरातून सही जानार नाई — काय म्हनता, आधी वाचून तर पाहा? वाचला ना. तुमी लोटा तोंडाले लावला तेवढ्यात वाचून झाला माह्या, चौथी पास आहो मी, अन् रूपराव भाऊजीचं अक्षर तर छापल्यावानी, वाचनालयाचे सेक्रेटरी काई उगीच नाई केलं तुमाले. 'मी खाली सही करणार, राहणार हिंगणघाट, कबूल करतो की सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात वाचनालयाचा एम्प्लिफायर फुटला तो मी वापरलेल्या हलक्या मालामुळे फुटला, त्याबद्दल अध्यक्ष पुंडलिकराव यांची जाहीर माफी मागतो, आणि यापुढे गावातल्या कोणत्याही रेडिओ-सेटाला हात लावणार नाही.' असंच आहे ना? अन् खाली याईचं नाव, बापाच्या नावासकट. ते नाव मी घेत नाई, तुमाले माहीत आहे, पन वाचता येते मले. रविवारच्या बैठकीत वाचून दाखवनार म्हनता. दाखवा. सही असन तर दाखवा.

हे? हे आत पडले आहेत. नाई, झोपले नाई, जागे आहेत, ऐकून राह्यले, पडद्याच्या मांगं बाज आहे याईची. तुमाले वाटते मानूस बाहेर येत नाई म्हनजे लाजला. लाजायचं काय कारन? कोनाचा जीव गेला का? कोनाले खरचटलं का? झालं काय तर, पुंडलिकराव भाषनाले उभे राह्यले, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, स्वराज्य येऊन आठ वर्सं झाली म्हने, अन् आठ वर्सांत आपन काय काय केलं ते सांगून राह्यले, अन् भोंग्यातून आवाज पार बोरगावच्या रस्त्यापावतर जाऊन राह्यला — मी होती ना, बायकांच्या बाजूले, शेजारच्या गंगीच्या मांगं उभी होती — अन् धाडकन आवाज झाला, पेटीतून धूर निंघाला, कागदाच्या चिंध्या उडाल्या अन् त्याच्यातल्या दोन-तीन पुंडलिकरावच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसल्या. लोकं हसले. हे खरं दुखनं आहे, भाऊजी, लोकं हसले हे. धूर त्याच दिवशी गेला, टोपी धुतली, पन हसनं काई धुतल्या जात नाई, म्हनून हा कागद. मीबी हसली असती, पन मले त्या टायमाले हसू नाई आलं.

अन् हलका माल म्हनता. हे कोनं लिहाले सांगतलं तुमाले? पुंडलिकरावनं? त्याईले कंडेन्सर म्हनजे काय ते माहीत आहे? तुमाले माहीत आहे? नाई ना. अन् लिहून मोकळे. ऐका आता, आलेच आहा तर ऐकून जा. तारेतून वीज येते ती एका चालीनं येत नाई, सेकंदाले पन्नास येळा पुढं-मांगं होते, अन् तिले सरळ केल्याबिगर भोंग्यातून मानसाचा आवाज निंघत नाई, नुसती घरघर निंघते, चक्की चालल्यावानी. तर पेटीतला पहिला वाल, म्हनजे काचेचा व्हॉल्व्ह, तिले एका बाजूनं चालवते, अन् मंग हे नळकांडं, हा कंडेन्सर, रांजनासारखा भरून घेते अन् सारख्या धारेनं सोडते. आता रांजनात मावते किती, ते एक झालं. अन् रांजनाची भिंत रेटा किती सोसते, ते दुसरं. मावते किती ते सारेच पाह्यतेत, सोसते किती ते पाहाले मानूस लागते. नळकांड्यावर दोन्ही छापलं असते — सोळा मायक्रोफॅरड, हे मावनं, अन् साडेतीनशे व्होल्ट, हे सोसनं. त्याच्या वरतं रेटा गेला का भिंत जाते. यात हलकं काई नाई. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या दुकानातून सीलबंद डब्बीतला आनला होता, डब्बी अजून आहे घरात, दाखवते पाह्यजे तर. साडेतीनशेचा माल साडेतीनशे सोसते, तेवढं त्यानं सोसलं, तीन हप्ते सोसलं, अन् मी मीटर लावून पाह्यलं तवा रेटा होता तीनशे दहा, काटा माह्या डोळ्यासमोर —

म्हनजे याईनं पाह्यलं. मी बाजूले दिवा धरून उभी होती.

दिवसा म्हनता? हो, दिवसाच. दिवसा दिवा धरत नाई का कोनी? पेटीच्या आत अंधार राह्यते, भाऊजी, तुमी कवा पेटीत डोकावले आहा का? असे पाहून काऊन राह्यले मग? बायकोनं दिवा धरला तर काय झालं, तुमची सखू तुमाले दिवा धरत नसन तर त्याले मी काय करू. बरं, ते सोडा. कागदाचं बोला. कागद बदलून आना, हलका माल खोडा, सेटाले हात लावनार नाई हे खोडा, मंग पाहू, मंग हे विचार करतीन — नाई, तरीबी सही नाई. आत जाऊन घेतो म्हनता? बसा, बसा, उठू नका, मानूस बाजेवर पडला आहे अन् तुमी कागद घेऊन त्याच्या अंगावर जानार का. टाक देता हातात अन् ते करतीन सही? कशी करतीन, भाऊजी, हात कुठी आहे याईले सही कराले —

झालं. निंघालं तोंडातून.

निंघालं तर निंघालं. चार वर्सं झाली. कापसाच्या जीनमंदी वायरमन होते हे, तुमाले माहीत आहे, शिडीवरून पडले होते तेबी माहीत आहे, खांदा उतरला अन् बसवला, सारं गाव भेटाले आलतं, तुमीबी आलते संत्री घेऊन. खांदा बसला, भाऊजी, बोटं नाई बसली. उजव्या हाताची तीन बोटं मेली. त्या हातानं पानसुपारी धरनं होत नाई. तवापासून तो हात सदऱ्याच्या खिशात. लोकं म्हनतेत, जीनची नोकरी सोडून रेडिओ दुरुस्त कराले बसले तवापासून ऐट आली, खिशात हात घालून बोलते मानूस. ऐट. चहा डाव्या हातानं पेते ते कोनाच्या ध्यानात नाई आलं, चार वर्सांत नाई. तुमच्याबी नाई आलं, अन् तुमी तर दर शनवारी येऊन बुद्धिबळ खेळता याईच्यासंगं. हत्ती डाव्या हातानं सरकवते तुमचा दोस्त, पाहालेच नाई तुमी कवा.

मग सेट कोन करते? विचारा ना. मी करते. हं. या समोरच्या टेबलाशी हे बसतेत, लोकं सेट आनून ठेवतेत, हे मांडीवर घेऊन कान लावतेत, डोकं हलवतेत, दोन दिवसांनी या म्हनतेत. अन् दुपारी, भांडी झाली का, तो सेट पडद्याच्या मांगं येते अन् मी पाटावर बसते. कथिलाचा डाख माह्या, तारा माह्या, वाल मी बदलवते, ट्रान्सफॉर्मर जळला तर त्याचे फेरे मी मोजून उलगडते अन् मोजून गुंडाळते, हजार-बाराशे फेरे, एक चुकला नाई आजवर. आधी आधी हे सांगत अन् मी करे. ही तार तिथी, ती तार इथी, डाखाची कांडी जास्त तापवू नको, कथील चमकलं पाह्यजे. एक वर्स असं गेलं. मंग एक दिवस मी मान वर करून पाह्यलं तर हे काई सांगतच नवते, नुसते पाहून राह्यले होते, अन् सेट वाजून राह्यला होता. त्या दिवशी आमी दोघंबी जेवलो नाई नीट. मले आनंद झालता, अन् आनंद झाला याची लाज वाटत होती. याईले काय वाटलं ते मी विचारलं नाई.

मूळ शौक याईचाच, ते मी नाकबूल करत नाई. लढाई संपल्यावर नागपूरले फौजेचा मोडका माल वजनानं विकत, तो हे पोत्यात भरून आनत, पगार हाती आला का गाडी पकडून नागपूर, मले वाटे मानूस बिघडला. पाटावर खिळे ठोकून पहिला सेट केला, एका वालचा, अन् कान लावून बसले चार दिवस, अन् पाचव्या दिवशी मले हाक मारली — ये, ऐक. मी ऐकलं. गानं नवतं, कोनी तरी बाजारभाव सांगून राह्यलं होतं, कापूस, जवारी, तूर. पन आमच्या पाटातून. मले तवाच लागला हा शौक, हात चालायच्या आधी लागला, पन बायकोले शौक लागला तर तो सांगता कोनाले.

अन् लपवलं काऊन म्हनता? तुमी आनला असता तुमचा सेट माह्यापाशी? खरं सांगा. 'चतुराबाई, हा पाहा बरं घुमून राह्यला' असं म्हनून तुमी ओसरीवर ठिवला असता? नसता ठिवला. पन 'मनोहररावचं काम म्हनजे पक्कं' हे गावात कितीदा बोलले तुमी. मनोहररावनं केलं, मनोहररावचा हात लागला का सेट बोलते, मनोहरराव हिंगणघाटात आहे म्हनून वडनेरवाले आपले बॅटरीचे सेट घेऊन नागपूरले जात नाई — घेतलं नाव. चारदा घेतलं. घेतलं तर घेतलं, सतरा वर्सं नाई घेतलं त्यानं काय बोटं राह्यली का याईची.

आता तुमच्याबी वाटचं सांगते, गप काऊन बसू. त्या दिवशी सकाळपासून बटन कोनं दाबलं? तुमी. हॅलो हॅलो, बंद. हॅलो हॅलो, बंद. पुंडलिकराव आले का पुन्हा चालू, गेले का बंद. मी मोजलं, अकरा येळा. दर येळी काय होते, माहीत आहे? पहिला वाल लवकर तापते अन् वीज सोडाले लागते, बाकीचे वाल अजून थंडे, त्याईले तापाले अर्धं मिनिट लागते. म्हनजे पानी येऊन राह्यलं अन् पेनारं कोनी नाई. तेवढं अर्धं मिनिट सारा रेटा त्या एका भिंतीवर. पेटी चालू असली का तीनशे दहा, पन चालू करतानी चारशेच्या घरात. तो चढ अन् तो उतार मीटरवर नीट दिसतबी नाई, काटा येते अन् खाली बसते, अन् मानूस बसलेला काटा वाचते. तर अकरा येळा तुमी त्याले चारशेवर नेलं. मी म्हनू शकत होती का नाई, सेक्रेटरीनं फोडला? तुमचा कागद घेऊन मी पुंडलिकरावकडं जाऊ शकत होती का नाई?

पन म्हननार नाई. खाली पाहू नका. बटन दाबाले असते, दाबनारा दाबीनच. अकरा येळा दाबो का एकवीस येळा, ते सारं धरून भिंत निवडावी लागते. चालत्या पेटीचा आकडा घ्यायचा नसते, चालू होतानीचा घ्यायचा असते. हे याईनं मले पहिल्याच वर्सी सांगतलतं.

काय करू, सांगूनच टाकते आता. मांगच्या सोमवारी इथल्या बाजाराची सुट्टी, जीन बंद. मी भर दुपारी आत एक सेट घेऊन बसली होती अन् सहज मीटर भिंतीच्या विजेले लावलं. अडीचशेच्या वरतं काटा. मले वाटलं मीटर बिघडलं. दुसऱ्या दिवशी जीन चालू झाली, पुन्हा लावलं, दोनशे दहा. मंग माह्या डोक्यात उजेड पडला. आपल्या लाईनीवर दोन जीन आहेत, भाऊजी. कापसाच्या दिवसांत जीन चालू असली का साऱ्या गल्लीचे दिवे पिवळे, तुमी वाचनालयात म्हनता ना, पेपर दिसत नाई. जीन बंद झाली का दिवे पांढरे फक. हे आपल्या अंगवळनी पडलं आहे, त्याचं कोनाले काई वाटत नाई. अन् मी मोजलं कवा? कामाच्या दिवशी, दुपारी, दोन्ही जीन धडधडत असतानी, दोनशे दहाच्या विजेवर. अन् वाजवली कवा? झेंड्याच्या सुट्टीच्या दिवशी, गावात जीनचा एक पट्टा फिरत नवता, अडीचशेवर. नागपुरातल्या मिस्त्रीच्या हातून हे झालं नसतं, तिथली वीज कपाशी पाहून चढत-उतरत नाई. अन् वडनेरच्या मिस्त्रीच्या हातूनबी नसतं, तिथी वीजच नाई. हे इथलंच, हिंगणघाटचं, अन् माह्यं. वायरमनची बायको असून मले नाई सुचलं. चालतानीचे तीनशे दहा पावनेचारशे झाले, अन् चालू होतानीचे चारशे जवळजवळ साडेचारशे झाले, अन् वर तुमी अकरा येळा. तो बिचारा साडेतीनशेचा. त्या दिवशी तासभर टिकला तेच पुष्कळ.

थांबा, अजून आहे. याईनं सांगतलतं. दीडपट धर म्हनाले, साडेचारशेचाच टाक. पडद्यामांगं दोन दिवस भांडलो आमी. मी म्हनली तीनशे दहा मी डोळ्यानं पाह्यले, चाळीस वरतं आहेत, गरज काय? हे म्हनाले, तू मीटरवर भरवसा ठेवते, मी सुट्टीच्या दिवसावर ठेवतो. मले समजलं नाई ते, अन् विचारलंबी नाई, मले वाटलं मानूस आता नुसतं बोलाले बोलते. हात चालत नाई म्हनून बोलते. असं वाटलं मले, भाऊजी, खरंच वाटलं.

अन् साडेचारशेचा घरात नवता असंबी नाई. एक होता. चुलीच्या बाजूच्या फळीवर माह्या सेट आहे, लहान, तेलाच्या डब्ब्याच्या पत्र्यावर बांधलेला. कोनाचा दुरुस्तीले आलेला नाई, मी बांधला, पहिल्या डाखापासून शेवटच्यापावतर, याईले न विचारता, एक तार विचारली नाई. दुपारी नागपूर केंद्र लागते त्याच्यावर. साडेचारशेचा त्याच्यात होता. तो काढला असता तर माह्या सेट मुका झाला असता, नागपूरहून दुसरा येईपर्यंत महिना, दीड महिना. मी काढला नाई. मीटरचं कारन पुढं केलं, पन खरं कारन ते होतं, माह्या सेटातलं मले काढवलं नाई. हे मी कोनाले सांगतलं नवतं. याईलेबी नाई. आता पडद्यामांगं ऐकलं असन त्याईनं. काल काढला तो, हा पाहा, या डब्बीत आहे. उशीर केला, पन काढला.

ऐकलं? आतून आवाज आला तो? देऊन टाक म्हनतेत. डाव्या हाताचा अंगठा देतो, देऊन टाक, बाईचं नाव नको. तुमीबी तेच म्हनून राह्यले, भाऊजी, तोंडावर दिसून राह्यलं तुमच्या, दोस्त दोस्त एक झाले. काय म्हनता, ती शेवटची ओळ खोडतो? सेटाले हात लावनार नाई ही ओळ काढून टाकतो, हलका माल काढतो, नुसती माफी, नुसता याईचा अंगठा, हाताले फोड आला म्हनून अंगठा, अन् मंग जसं चालत होतं तसं चालू द्या, मी काई ऐकलं नाई, वहिनी? चांगलं बोलता. मनापासून बोलता, मले दिसते. याईची अब्रू राहीन, सेट येत राहतीन, दुपारी मी पाटावर बसत राहीन, कोनाले काई कळनार नाई. गाव हसनार नाई. पुंडलिकरावची टोपी एका बाईनं खराब केली असं कोनी म्हननार नाई. पंधरा दिवसांआधी हा कागद असा आनला असता तर मी याईचा अंगठा स्वता धरून उमटवला असता.

आता नाई. हे, ऐका तुमी आतून, अन् गप पडा. या मानसानं साडेचारशे सांगतलं, भाऊजी. हात नसतानी सांगतलं, पेटीले हात न लावता सांगतलं, अन् खरं सांगतलं. अन् त्याच्या नावावर मी साडेतीनशे चढवू? गावात वाचून दाखवू का मनोहररावले कंडेन्सर निवडता येत नाई? या हिंगणघाटात ज्या एका मानसाले तो निवडता आला, त्यानं माफी मागायची? मी त्याईचं सारं ऐकलं चार वर्सं, एक तेवढं नाई ऐकलं. आता हेबी नाई ऐकत.

अन् माह्यंबी काई आहे त्यात. एकसष्ट सेट वाजले माह्या हाताचे. एकसष्टचे एकसष्ट याईच्या नावावर गेले, मी बोलली नाई, मले वाटलं वाजते ना, पुरे. अन् हा एक फुटला. तोबी याईच्याच नावावर गेला तर मंग माह्या नावावर काय राह्यलं? वाजलेलं नाई, फुटलेलंबी नाई. चुकीचा कंडेन्सर टाकाले आधी पेटी बांधता यावी लागते, भाऊजी. चूक माह्यी आहे, ती मी कोनाले देनार नाई, याईलेबी नाई.

द्या तो कागद इकडं. टाकबी द्या. नाई, तुमी नका लिहू, तुमचं अक्षर चांगलं आहे पन हे माह्यं आहे. पाठीमांगं कोरं आहे ना, तिथी लिहिते. थांबा जरा, हात कांडी धरून धरून कडक झाला, टाक धराची सवय नाई राह्यली. — हं. ऐका. 'वाचनालयाचा एम्प्लिफायर मी बांधला. त्याच्यात साडेतीनशे व्होल्टचा कंडेन्सर मी टाकला, साडेचारशेचा पाह्यजे होता. माझ्या मालकांनी साडेचारशेचा टाक म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. जीन चालू असताना मोजलं, बंद असताना वाजवलं. माल हलका नव्हता.' बस. माफी? माफी नाई लिहिली. चूक लिहिली आहे, तिची पुरी मोजदाद लिहिली आहे, आकड्यासकट, आजपावतर तुमच्या बैठकीत एवढी मोजून कोनं चूक कबूल केली असन तर सांगा. माफी पाह्यजे असन तर पुंडलिकरावले सांगा, टोपी पाठवून द्या, धुऊन देते, टोपीची माफी धुन्यात येऊन जाईन. अन् खाली — चतुराबाई. नुसतं चतुराबाई नको? बरं, पुरं लिहिते, मनोहरराव नावबी त्याच्यात येते, येऊ द्या, माह्या नावाच्या मांगं येते.

अन् रविवारी वाचतानी खालचं नाव गिळू नका. वरचं सारं हळू वाचलं तरी चालन, खालचं मोठ्यानं वाचजा. कोनी हसलं तर हसू द्या. कोनी म्हनलं, बाईच्या हाताचा सेट नको, तर त्याले सांगा, घेऊन ये, मी माह्या डाख काढून घेते अन् जसा बंद पडलेला आनला होता तसा बंद करून देते. पुंडलिकरावचा पहिला आना, त्यात माह्ये नऊ डाख आहेत. तुमच्या घरच्यात चार. सखूले विचारा, मंगळवारचा भजनाचा कार्यक्रम ऐकल्याबिगर तिले जेवन जाते का.

नाई, पेटी नका नेऊ, राहू द्या इथीच. त्याच्यात मी साडेचारशेचा टाकते, सोमवारी जीन बंद असतानी तपासते, बारा येळा चालू-बंद करते, अन् मंगळवारी मी स्वता आनून देते, डोक्यावर घेऊन, वाचनालयाच्या समोरच्या दारानं. याईले संगं आननार, हात खिशाबाहेर ठिवून. चहा नाई आता, आज चहा नाई. याईच्याशी मले बोलाचं आहे, चार वर्सांचं आहे, तुमी निंघा. कागद हातातच धरा, भाऊजी, घडी नका करू, शाई ओली आहे.